सूर्याचा एक फोटो आणि साडेचार वर्षं

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक निळा आणि एक पांढरा पडदा, एक प्रिंटर आणि लग्नसराईपुरता ठेवलेला एक पोरगा. पासपोर्ट फोटो, साक्षगंध, लग्न, बारसं, तेरवीच्या फ्रेमा, यावर घर चालतं. हे आधी सांगतो, कारण मी खगोलशास्त्रातला माणूस नाही. बारावीला भौतिकशास्त्रात काठावर पास झालो होतो. पण भिंतीवर सूर्याचा फोटो लागल्यापासून चार-पाच जणांनी विचारलं, कसा काढला, कॅमेरा खराब होत नाही का, डोळे जात नाहीत का. कॅमेरा खराब होतो. माझा झाला. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

सुरुवात २६ डिसेंबर २०१९ ची. गुरुवार होता. खाली केरळ-तमिळनाडूकडे कंकणाकृती ग्रहण, आपल्याकडे खंडग्रास, सकाळी आठच्या सुमारास लागणारं. माझ्याकडे वर्ष-सव्वा वर्षापूर्वी घेतलेला डीएसएलआर कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स होती. फिल्टर म्हणून बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे दुहेरी घडी करून लेन्सच्या तोंडावर रबरबँडनं बसवला. असं करायला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. लहानपणी ग्रहणाच्या दिवशी सगळी आळी एक्स-रेतूनच बघायची, तेवढाच आधार. पहिल्या तीन फोटोंत सूर्य आला खरा, पण त्याच्यावर बाबांच्या गुडघ्याच्या वाटीची सावली पडली होती. आणि हे तिन्ही फोटो मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून काढले.

त्या दिवशी सकाळपासून ढग होते. ढग दाट झाला की एक्स-रेतून काहीच दिसेना, म्हणून मी तो काढून खिशात घातला. ढगाआड सूर्य चंद्रासारखा मऊ दिसत होता. लाइव्ह व्ह्यू चालू करून मागच्या स्क्रीनवर बघायला लागलो. तेवढ्यात शेजारची पोट्टी आली. "काका, आमाले बी दाखवा ना." कोणी आधी बघायचं यावर त्यांची भांडणं लागली, ती मिटवता मिटवता ढग सरकला. स्क्रीन पांढरीफटक झाली. मला वाटलं, बाहेरच्या उजेडानं दिसत नसेल. हाताचा आडोसा करून मी पांढऱ्या स्क्रीनकडं बघत राहिलो, मिनिटभर, दीड मिनिट. लेन्स ३०० वर, तोंडावर काही नाही, समोर सूर्य. भिंगानं कागद जाळायचा खेळ आपण सगळ्यांनी शाळेत केलेला असतो. कागदाच्या जागी मी सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग, ठेवला होता.

तेव्हा कळलं नाही. जळका वास नाही, आवाज नाही. संध्याकाळी मोबाइलवर सहज वाचायला बसलो आणि घाम फुटला, तो कॅमेऱ्याच्या काळजीनं नव्हे, डोळ्याच्या. एक्स-रेची फिल्म डोळ्याला काळी दिसते, पण न दिसणारे अवरक्त किरण त्यातून आरपार येतात. काळपटपणामुळं आपण डोळे मिचकावत नाही आणि आतला पडदा भाजत राहतो. लेन्समधून बघितलं तर जास्तच. पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळं त्रास झालाय हे बऱ्याचदा काही तासांनी, दुसऱ्या सकाळी लक्षात येतं. त्या रात्री मी दर तासाला उठून, एकेक डोळा झाकून, भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचत होतो.

२७ तारखेला यवतमाळला गेलो. नऊ वाजता नंबर लावला, पावणेदोनला आत घेतलं. डोळ्यांत थेंब टाकले, अर्धा तास डोळे मिटून बसवलं, मग ओसीटी स्कॅन, म्हणजे पडद्याच्या थरांचं चित्र. सगळे मिळून १,४५० रुपये. पडदा शाबूत निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "ढग होते ना?" मी हो म्हटलं. "त्याच ढगांनी वाचवलं," म्हणाले, "पण ढगांच्या भरवशावर पुन्हा जाऊ नका." एक टीप: अशा तपासणीला मोटरसायकलनं जाऊ नका. थेंबांनी बाहुल्या मोठ्या होतात, संध्याकाळपर्यंत उजेड सहन होत नाही. मी एसटीत डोक्यावर दुपट्टा घेऊन परत आलो. शेजारच्या आजीनं विचारलं, "डोये आले का बाबू?"

कॅमेऱ्याचं २८ ला कळलं. साक्षगंधाचे फोटो होते. प्रत्येक फोटोत एकाच जागी, मधोमध जरा वर, जांभळट ठिपका आणि त्याला चिकटून वाकडी रेघ. नवरदेवाच्या कपाळावर, नवरीच्या नथीवर, मामाच्या टोपीवर. ८०० फोटोंतला ठिपका एकेक करून पुसत बसलो. ९ जानेवारीला नागपूरला सर्व्हिस सेंटरला गेलो. वॉरंटीचे पाच महिने शिल्लक होते. फॉर्म भरला, बिलाची झेरॉक्स जोडली, 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात खरं तेच लिहिलं. बारा दिवसांनी फोन आला: बाहेरच्या कारणानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, सेन्सर बदलायचे १७,८५० होतील. खरं सांगायचं तर त्यांचं चूक नव्हतं. चिडचिड एवढ्याचीच झाली की हे काउंटरवरच सांगितलं असतं तर मी कॅमेरा परत आणून ठिपक्यासकट पुढची दोन लग्नं मारून नेली असती. दोन्ही लग्नं १,२०० रुपये रोजाच्या भाड्याच्या कॅमेऱ्यावर केली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि लग्नंच संपली. कॅमेरा नागपुरात अडकला तो ऑगस्टात हाती आला.

त्यामुळं २१ जून २०२० च्या ग्रहणाला माझ्याकडं कॅमेराच नव्हता, आणि मजा म्हणजे बघण्यातला आनंद मला त्याच ग्रहणानं दिला. रविवार होता, सव्वादहाच्या सुमारास सुरू होऊन दोनच्या आत संपणारं. अंगणात कडुनिंब आहे. ढगाची फट मिळाली की त्याच्या सावलीत जमिनीवर शेकडो चंद्रकोरी उमटायच्या. पानापानांमधली प्रत्येक बारीक फट सूर्याची उलटी प्रतिमा खाली टाकते. एरवी त्या गोल असतात म्हणून आपलं लक्ष जात नाही. मी स्वयंपाकघरातून पुऱ्यांचा झारा आणून पांढऱ्या चादरीवर धरला. जितकी भोकं तितक्या कोरी. आई ग्रहण पाळते. ती दारातून म्हणाली, "तो झारा आता धुतल्याबिगर फोडणीत घालजो नको." पण पाच मिनिटांनी तीच ओसरीवर येऊन चादरीकडं बघत उभी राहिली. वर बघायचं नाही, जमिनीकडं बघायचं, यात तिच्या नियमाला कुठं धक्का लागत नव्हता. ज्याला काही खर्च करायचा नाही त्यानं हेच करावं. भोकापासून चादरीपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या साधारण १०९ वा भाग एवढा सूर्य उमटतो. तीन मीटरवर पावणेतीन सेंटिमीटर.

हाच १०९ चा हिशोब लेन्सलाही लागतो. ३०० मिलिमीटरच्या लेन्सनं सेन्सरवर सूर्य येतो जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा, डाळीच्या दाण्याएवढा. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात म्हणजे सातशे पिक्सेल रुंद. दुर्बिणीसारखं काही दिसणार नाही हे मनाशी आधीच ठरवलं, म्हणजे नंतर हिरमोड होत नाही.

२५ ऑक्टोबर २०२२ ला पुन्हा ग्रहण आहे हे मला जुलैत कळलं. या वेळी नीट करायचं ठरवलं. ३ ऑगस्टला एका ऑनलाइन दुकानातून 'सोलर फिल्टर शीट' मागवली, ४४९ रुपये. पहिल्यांदा आमचा पिनकोडच घेईना, म्हणून दारव्ह्यातल्या मेहुण्याचा पत्ता दिला. ११ ला आली. उघडून खिडकीसमोर धरली तर पलीकडचं लिंबाचं झाड दिसलं. कारच्या काचेला लावतात ती काळी फिल्म! सूर्याच्या खऱ्या फिल्टरमधून घरातलं काही म्हणता काही दिसत नाही. ट्यूबलाइट नाही, झाड नाही, माणूस नाही. मोबाइलचा टॉर्च अगदी टेकवला तर फार तर मंद ठिपका. फक्त सूर्य दिसला पाहिजे. ही परीक्षा प्रत्येकानं करावी. परत करायला त्यांनी खोका उघडतानाचा व्हिडिओ मागितला. लग्नाचे व्हिडिओ काढून पोट भरणाऱ्या माणसानं आपल्या पार्सलचा व्हिडिओ काढला नव्हता. पाच मेल, दोन फोन, झाडासकट फिल्मचे फोटो, आणि २ सप्टेंबरला पैसे परत.

मग एका दुर्बीण विकणाऱ्याला फोन केला. त्यानं आधी दहा मिनिटं माझीच उलटतपासणी घेतली, लेन्स कोणती, व्यास किती, डोळ्यानंही बघणार का. तिथंच समजलं की बाडर कंपनीच्या अ‍ॅस्ट्रोसोलर फिल्मचे दोन प्रकार येतात. एकीची घनता ५, तिच्यातून लाखातला एक हिस्सा प्रकाश पुढं जातो. दुसरी ३.८ ची, फक्त कॅमेऱ्यासाठी, तिच्यातून साधारण सहा हजारातला एक हिस्सा येतो. ती डोळ्यानं बघायला अजिबात नाही. घरात लेकरं असतील तर ५ चीच घ्या, हा त्याचा सल्ला. ए-४ आकाराचा एक कागद आणि ग्रहण बघायचे पाच चष्मे, आयएसओ १२३१२-२ (हे अशा चष्म्यांच्या सुरक्षेचं मानक) असं छापलेले, टपालासकट ३,४५० रुपये. कुरिअर नको, स्पीड पोस्ट करा म्हटलं. ज्या पिनकोडवर कोणी येत नाही तिथं आमचे पोस्टमन सायकलवर येतात. १४ सप्टेंबरला फिल्म घरी.

फिल्म बघून पहिल्यांदा निराशा झाली. चंदेरी, चुरगळलेली, चॉकलेटच्या आतल्या कागदासारखी. पण ती तशीच असते. ताणून सपाट करायच्या भानगडीत पडू नका, ताणली की चित्र बिघडतं. फिल्टरचं बूड मी लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यातून केलं, नमुन्याच्या पत्रिका दुकानात पडूनच असतात. आधी लेन्सच्या नळीभोवती पुठ्ठ्याची पाच सेंटिमीटर रुंद पट्टी गुंडाळून डबा केला, आतून आईच्या जुन्या मखमली ब्लाउजची पट्टी चिकटवली, म्हणजे डबा घट्ट बसतो आणि लेन्सला ओरखडे पडत नाहीत. मग दोन सारख्या कड्या कापल्या. टेबलावर मऊ कापड, त्यावर फिल्म मोकळी पसरलेली. कडीला दुतर्फा चिकटपट्टी लावून कडीच फिल्मवर अलगद टेकवायची, फिल्म उचलून कडीवर आणायची नाही. वरून दुसरी कडी. मधे फिल्म जराशी लाटांची राहते, राहू द्या. कडेनं कापून डब्याच्या तोंडावर बसवलं. वाचणाऱ्याला वाटेल, एवढ्याला किती वेळ लागतो. मला दोन संध्याकाळी लागल्या आणि पहिली कडी वाया गेली, कारण पंखा चालू होता.

डबा लेन्सवर चढवला की त्याला आणि नळीला मिळून काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन वेढे. वाऱ्यानं किंवा पोराच्या हातानं फिल्टर निघता कामा नये. फिल्टर नेहमी लेन्सच्या पुढे, सूर्याच्या बाजूला. मागे, डोळ्याजवळ लावायचे जे छोटे फिल्टर मिळतात ते तापून तडकतात. आणि दर वेळी लावण्याआधी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून सुईएवढं भोक पडलंय का ते बघायचं. पडलं असेल तर टाकून द्यायची, तीन हजारांची असली तरी. व्ह्यूफाइंडरवर मी कायमची चिकटपट्टी लावली आहे. सवयीनं डोळा तिकडं जातोच.

उरलेला सप्टेंबर ढगांच्या फटीत सराव केला. सूर्य फ्रेममध्ये आणणं हीच पहिल्या दिवशीची मोठी कटकट. फिल्टर लावला की स्क्रीनवर मिट्ट काळोख. नंतर युक्ती सापडली: सूर्याकडं बघायचंच नाही, जमिनीवर लेन्सची सावली बघायची. नळीची सावली आखूड होत होत गोल झाली की सूर्य समोर आलाच. फोकस ऑटोवर सोडू नका. स्क्रीनवर दहापट मोठं करून सूर्याच्या कडेवर हातानं फोकस करायचा, सूर्यावर काळा डाग असला तर डागावर, आणि फोकसच्या कडीवर टेपचा तुकडा. तिपाईवर लेन्सची थरथर रोखणारी सोय बंद. दोन सेकंदांचा टायमर. फोटो रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं न दाबलेल्या मूळ फाइलमध्ये. माझा आकडा एफ ८ (लेन्सचं तोंड किती उघडं), आयएसओ १०० (इथं सेन्सरची संवेदनशीलता), शटर १/४०० सेकंद असा बसला. पातळ ढगात १/१०० पर्यंत उतरलो. उन्हात स्क्रीन दिसत नाही, म्हणून एक काळा पडदा डोक्यावरून घ्यायचो. गल्लीतून जाणारा प्रत्येक जण थांबून पडद्याला विचारायचा, "कोण होय बे आतमंदी?"

आता जागेचा प्रश्न. पाच वाजायच्या आतबाहेर ग्रहण लागणार आणि ग्रहण सुटायच्या आतच सूर्य मावळणार. पश्चिम क्षितिज मोकळं पाहिजे. गावातून तिकडं चिंचा आणि मोबाइलचा टॉवर. मोकळी जागा एकच, जवळच्या लहान धरणाची भिंत, आणि तिथं 'विनापरवाना प्रवेश व छायाचित्रणास मनाई' असा बोर्ड. चौकीदार ओळखीचा होता, "चालले जा ना भाऊ, कोण पाह्यते" म्हणाला. पण तिपाई, तोफेसारखी लेन्स, डोक्यावर काळा पडदा, असा माणूस धरणावर दिसला तर उद्या कोणाची नोकरी जायची ती त्याचीच. ३० सप्टेंबरला उपविभागीय अभियंत्यांच्या नावानं अर्ज दिला. विषय: धरणाच्या भिंतीवरून सूर्यग्रहणाचे छायाचित्रण करण्यास परवानगी मिळणेबाबत. सोबत आधारची झेरॉक्स, स्टुडिओचा दाखला, ड्रोन वापरणार नाही असं हमीपत्र. आवक-जावकच्या बाईंनी शिक्का मारलेली पोच दिली, ती जपून ठेवली. पुढं दोन चकरा. पहिल्या चकरीत साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या चकरीत अर्जच सापडेना, पोचेवरच्या क्रमांकानं सापडला. टेबलावरच्या दादांनी विचारलं, "ग्रहणाचा फोटो कायले पायजे, कोणाले देनं हाय?" कोणालाही नाही म्हटल्यावर त्यांचा संशय उलट वाढला.

२० ऑक्टोबरला, दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधी, पत्र मिळालं. खुश होऊन एसटी स्टँडपर्यंत आलो, चहा घेत वाचलं. अट क्रमांक ४: अर्जदाराने सूर्यास्तापूर्वी परिसर सोडावा. अर्ज सूर्यास्ताच्या ग्रहणाचा! परत गेलो. दादांनी वाचलं, मला बघितलं, पुन्हा वाचलं आणि हसायला लागले. आत जाऊन पेनानं 'सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात' असं करून, बाजूला सही-शिक्का घेऊन आले. परवानगीचं पत्र टेबलासमोर उभं राहूनच पूर्ण वाचा.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ला सोमवारी आणि पाडवा २६ ला. मधला मंगळवार ग्रहणाचा, ना सण ना सुतक. आईनं सकाळीच पाण्याच्या घागरीत तुळशीची पानं टाकली, फराळाच्या डब्यांवरही ठेवली. बायको तेव्हा पाच महिन्यांची गर्भार. तिला दुपारनंतर सुरी हातात घ्यायची बंदी झाली. ती म्हणाली, "चांगलं हाय, तेवढाच आराम." यावर वाद घालायला मला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर हिंमतही.

सव्वाचारला मी आणि भाचा धरणावर पोचलो. भिंतीवर वारा असतो हे लक्षातच घेतलं नव्हतं. तिपाई थरथरत होती. भाच्यानं पिशवीत दगड भरले, ती तिपाईच्या मधल्या दांड्याला लटकवली आणि तिपाईचे पाय अर्धे दुमडून बुटकी केली. कॅमेऱ्यावर ओला पंचा. चष्मा लावून सूर्य बघितला, पूर्ण गोल. ४:५० ला गोल. ४:५३ ला गोल. ४:५५ ला भाचा म्हणाला, "मामा, चावलं." स्क्रीनवर बघितलं तर कडेला नखानं ओरखडा काढावा एवढी खाच.

पुढची पन्नास मिनिटं फार भराभर गेली. सारखे तीन-तीन फोटो, वेगवेगळ्या शटरला, आणि दर तीन-चार मिनिटांनी सूर्य फ्रेमच्या मधून सरकायचा म्हणून पुन्हा सावलीचा खेळ. चौकीदार आला, चष्म्यातून बघितलं, काही न बोलता चष्मा परत दिला, पुन्हा मागून घेतला. मग फोन काढून घरच्यांना सांगायला लागला की बाहेर निघू नका, मी पाहून राह्यलो.

पश्चिमेला सोयाबीनच्या काढणीची धूळ होती, कुठंतरी अजून थ्रेशर चालू. साडेपाचनंतर सूर्य त्या धुळीत उतरला आणि प्रकाश झपाट्यानं पडायला लागला. १/४०० चा १/१००, मग १/३०, मग आयएसओ ८०० करूनही १/१५. साध्या डोळ्यालाही तो आता लाल, शांत दिसत होता. फिल्टर काढला तर काय फोटो येईल, असं हातानं म्हटलंसुद्धा. टेपचं टोक नखानं उचकटलं होतं मी. मग पांढऱ्या स्क्रीनचे ते दीड मिनिट आठवले आणि टोक पुन्हा दाबून बसवलं. माझ्याहून जाणती माणसं धुळीच्या अगदी शेवटच्या मिनिटाला फिल्टर काढतातही, पण लांब लेन्सवर ते केव्हा चालेल हे ठरवायची अक्कल माझ्याकडं नाही, आणि सेन्सरचे १७,८५० मी भरलेले होते. शेवटचा नीट फोटो ५:४१ चा. चपटा झालेला, वरून साधारण पाव हिस्सा खाल्लेला सूर्य. पाच मिनिटांनी धुळीत काहीच उरलं नाही. मावळण्याचीही वाट न बघता धुळीतच विरला. २१२ फोटो काढले, नऊ ठेवले. ते नऊही जरा मऊच आहेत, वारा.

दुकानात तो फोटो लावला तर जो तो म्हणाला, "चंद्र मस्त आला." ही फिल्म सूर्य पांढरा दाखवते, तोच त्याचा खरा रंग म्हणावा असा. लोकांना केशरी पाहिजे. एकानं तर 'याले कलर भरून द्या, डबल पैसे देतो' म्हटलं. भरून दिला. धंदा आहे.

पुढं वर्ष-दीड वर्ष डबा कपाटात होता. मे २०२४ मध्ये मात्र दोन गोष्टी जुळल्या. शुक्राचा अस्त असल्यानं माझ्याकडं लग्नाच्या तारखा थोड्या, आणि सूर्यावर ३६६४ क्रमांकाचा डागांचा अवाढव्य गट. सूर्य आपल्या अकरा वर्षांच्या चक्रात भरात आला होता. हा गट रुंदीला पृथ्वीच्या पंधरा पट. ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्याला काळा ठिपका दिसत होता, माझा विश्वास बसेना म्हणून बायकोला दाखवून खात्री केली. ८ मेपासून १३ मेपर्यंत रोज सकाळी साडेसहाला गच्चीवर एक फोटो. साडेसहालाच, कारण नऊनंतर आजूबाजूची टिनं तापली की सूर्याची कड उकळत्या दुधासारखी थरथरते आणि डाग पुसट होतात. शिवाय मे महिन्यातली आमची गच्ची. दहाला कॅमेरा हातात धरवत नाही.

एका फोटोत फार काही नाही. पण सहाही शेजारी शेजारी लावले तर तो डाग रोज थोडा थोडा कडेकडे सरकत गेलेला दिसतो, शेवटच्या दिवशी काठावर दाबलेला. सूर्य स्वतःभोवती फिरतो हे पुस्तकात वाचलं होतं, स्वतःच्या गच्चीवरून मोजलं पहिल्यांदाच. १० तारखेला अक्षय तृतीया होती. त्याच रात्री या गटातून सुटलेलं सौर वादळ पृथ्वीवर आदळलं आणि लडाखात हान्लेचं आकाश लालसर झालं. माझ्या ११ च्या फोटोत त्याचं काहीच दिसत नाही. डाग जिथं असायला हवा तिथं होता.

त्यातला १० तारखेचा फोटो मोठा करून फ्रेम केला आणि या वेळी केशरी न करता पांढराच ठेवला. आईनं विचारलं, "हा तरी सूर्य होय का?" हो म्हटल्यावर ती फ्रेम दुकानातून उठून देवघराच्या शेजारी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आलो तर पूजा झालेली होती. तिनं काचेवर हळदी-कुंकवाचं बोट लावलं होतं, डावी-उजवीकडं बघून, बरोबर, त्या डागांच्या गटावर. पुसायला गेलो तर म्हणाली, "राहू दे, डाग झाकला मी त्याचा."